पहारेकऱ्याचा विनोद

१९५५ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी या शहरात गुराख्यांच्या, म्हणजे तिकडच्या ‘काउबॉय’ लोकांच्या जीवनाचे एक संग्रहालय स्थापन झाले. खोगिरे, चाबूक, टोप्या, जुनी चित्रे आणि चित्रपटांतील नटांच्या वस्तू यांचा तेथे मोठा संग्रह आहे. २०२० च्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे जगातील असंख्य संस्थांप्रमाणे याही संग्रहालयाला आपले दरवाजे बंद करावे लागले. प्रेक्षक आत येईनासे झाले, कर्मचारी घरी बसले. इमारतीत उरले ते पहारेकरी. समाजमाध्यमांवर संस्थेच्या नावाने रोज काही मजकूर प्रसिद्ध करण्याचे काम मग सुरक्षा विभागाच्या प्रमुखाकडे सोपविण्यात आले. त्याचे नाव टिम. वयाने प्रौढ, स्वभावाने सालस आणि या नव्या विद्येत सर्वस्वी कोरा.

पहिल्याच दिवशी त्याने जगाला कळविले की, हे जादा काम आपल्याकडे आले असून आपण यात नवखे आहोत, तरी उत्साह आहे. आणि आपले सहकारी संग्रहालयाचे रक्षणही नेहमीप्रमाणेच करीत राहतील. शेवटी पत्राच्या शेवटी लिहावे तसे त्याने आभार मानले, आपले नाव लिहिले, आणि मजकूर पाठविण्यासाठी जी कळ दाबावयाची तिचे नावही अनवधानाने मजकुरातच लिहून टाकले. या माध्यमात विषय दर्शविण्याकरिता शब्दाआधी एक विशिष्ट चिन्ह लावण्याची रीत आहे. त्यास ‘हॅशटॅग’ म्हणतात. टिमने ते चिन्ह न लावता ‘हॅशटॅग’ हा शब्दच अक्षरे जुळवून लिहिला. जॉन वेन या नटाने एका चित्रपटात डोळ्यावर बांधलेली पट्टी तेथे जतन केलेली आहे. तिच्यासारख्या वस्तूंची छायाचित्रे तो टाकी, दोन ओळी लिही आणि आभार मानून निरोप घेई. काही हजारांची वाचकसंख्या थोड्याच आठवड्यांत लाखांवर गेली. या योजनेमागे संस्थेच्या प्रसिद्धी विभागाची कल्पकता होती हे खरे. पण लोकांनी जीव लावला तो त्या पहारेकऱ्याला.

इतिहासाच्या अभ्यासकाने या क्षुल्लक दिसणाऱ्या घटनेची दखल का घ्यावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. ज्या आठवड्यांत रुग्णालये भरून वाहत होती, त्याच आठवड्यांत लाखो माणसे एका पहारेकऱ्याच्या दोन ओळींची वाट पाहत होती, ही गोष्ट त्या काळाच्या मृत्युसंख्येइतकीच खरी आहे. ही माणसे निर्दय होती काय? की उथळ होती? की उदासीच्या दिवसांत माणसाला हास्याची जी गरज भासते ती काही निराळ्याच स्वरूपाची असते? या प्रश्नाचे उत्तर एका वर्षाच्या हकिकतीतून मिळण्यासारखे नाही. त्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

त्याआधी एवढे नमूद केले पाहिजे की, टिम हा एकटा नव्हता. शिकागो शहरातील शेड मत्स्यालयाने त्याच मार्च महिन्यात आपल्या पेंग्विन पक्ष्यांना रिकाम्या दालनांतून फिरावयास मोकळे सोडले. वेलिंग्टन नावाचा एक पेंग्विन काचेपलीकडच्या ॲमेझॉन नदीतील माशांकडे गंभीर मुद्रेने पाहत उभा राहिला, आणि प्रेक्षकच आज प्रदर्शन पाहावयास आला आहे, अशा भावाने जगाने ते दृश्य पाहिले. इंग्लंडमध्ये अँड्र्यू कॉटर या क्रीडा-समालोचकाला समालोचनासाठी एकही सामना उरला नव्हता. तेव्हा आपल्या ऑलिव्ह आणि मेबल या दोन कुत्र्यांपैकी जेवण आधी कोण संपविते याचे त्याने अंतिम सामन्याच्या थाटात वर्णन केले. रेडिंग विद्यापीठाच्या ग्रामजीवन-संग्रहालयाने तर २०१८ च्या एप्रिलमध्येच एका अवाढव्य मेंढ्याचे जुने छायाचित्र कौतुकाच्या एका ओळीसह प्रसिद्ध करून अशा विनोदाची वाट घालून दिली होती. या सर्वांत एक साम्य आहे. हे कोणी व्यवसायाने विदूषक नव्हते. एक पहारेकरी, एक मत्स्यालय, एक समालोचक, एक संग्रहालय. आपापल्या कामाच्या जागी उभे राहून, ते काम जसे उरले होते तसे करीत असताना त्यांनी हसविले. हे साम्य ध्यानात ठेवून आपण शंभर वर्षे मागे जाऊ.

१९१६ सालचा फेब्रुवारी महिना. बेल्जियममधील ईप्र हे शहर तोफांच्या माऱ्याने उद्ध्वस्त झाले होते. त्या नावाचा उच्चार इंग्रज शिपायांच्या जिभेला झेपेना. त्यांनी त्याचे ‘वायपर्स’ केले. शेरवुड फॉरेस्टर्स या पलटणीच्या बाराव्या तुकडीतील कॅप्टन फ्रेड रॉबर्ट्स व लेफ्टनंट जॅक पिअर्सन यांना त्या भग्नावशेषांत एक छापखाना सापडला. तुकडीत पूर्वी मुद्रकाचा धंदा केलेला एक सार्जंट होता. त्याने ते यंत्र चालते केले. टाइप इतका अपुरा की, एका वेळी एकाच पानाची जुळणी व्हावी. अशा अवस्थेत ‘वायपर्स टाइम्स’ हे पत्र निघाले.

त्यात काय असे? खोट्या जाहिराती, खोटे पत्रव्यवहार, विडंबने आणि वरिष्ठांची थट्टा. एका जाहिरातीत वाचकाला विचारले होते की, तुम्हांला आशावादाची बाधा तर झालेली नाही ना? सकाळी उठल्यावर सर्व काही ठीक चालले आहे असे तुम्हांला वाटते काय? तसे असल्यास आमच्याकडे दोन दिवस येऊन राहा, रोग समूळ नाहीसा होईल. लंडनमध्ये बसून शत्रूच्या मृतांचे आकडे मांडून विजय जवळ आल्याचे सिद्ध करणाऱ्या हिलेर बेलॉक या लेखकाच्या नावाची उलटापालट करून त्याला ‘बेलरी हेलॉक’ केले होते. या विनोदाचा रोख कोठे आहे ते पाहण्यासारखे आहे. खंदकातील शिपाई मरणाला हसत नव्हते. मरण दिसत असताना सर्व कुशल आहे असे दुरून सांगणाऱ्यांना ते हसत होते. पलटण हलली की पत्राचेही नाव बदले. ते कधी ‘केमेल टाइम्स’ झाले, कधी ‘सोम टाइम्स’, आणि १९१८ च्या अखेरीस ‘बेटर टाइम्स’, म्हणजे ‘बरे दिवस’, या नावाने त्याने निरोप घेतला. दोघाही संपादकांना रणांगणावरील शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉस हे पदक मिळाले होते. विनोद करणारा कर्तव्यात कुचराई करतो, या समजुतीला याहून सबळ उत्तर कोणते द्यावे?

दुसऱ्या महायुद्धात हे काम नभोवाणीने केले. १९३९ साली बी. बी. सी. वर सुरू झालेला टॉमी हँडली याचा ‘इटमा’ हा कार्यक्रम लक्षावधी लोक आठवड्याच्या आठवड्याला ऐकत. युद्ध सुरू होताच सरकारी खात्यांचे नि त्यांच्या फर्मानांचे पेव फुटले होते. हँडलीने स्वतःला ‘चिडवणूक आणि रहस्ये’ या खात्याचा मंत्री नेमून घेतले. बाँबहल्ल्यांमुळे कार्यक्रमाचा मुक्काम लंडनहून ब्रिस्टलला आणि तेथून वेल्समधील बँगोरला हलला, पण कार्यक्रम चालूच राहिला. त्यात पुढे एक धोबीण आली. ती घरातील आपत्तींचा रडका पाढा वाची आणि शेवटी म्हणे की, आपला स्वभाव असा आनंदी आहे म्हणूनच आपला निभाव लागतो! १९४९ च्या जानेवारीत हँडलीचा मृत्यू झाला. कार्यक्रमही त्याच्याबरोबरच संपला. त्याच्यासाठी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये स्मृतिसभा भरली. एका विनोदी नटाला राष्ट्राने दिलेला हा मान त्याच्या कोट्यांसाठी खास नव्हता. ठरल्या वेळी, ठरल्या आवाजात तो घरोघरी येत राहिला, याचे ते ऋण होते.

या ‘ठरल्या वेळी येण्याला’ फार महत्त्व आहे. संकटकाळी दिवसांचा आकारच मोडतो. आज कोणता वार हेही कळेनासे होते. अशा वेळी एखादा आवाज नेमाने येतो आणि कालच्यासारखाच बोलतो, ही गोष्टच धीर देणारी ठरते. विनोद बेताचा असला तरी चालतो. येणे चुकले तर मात्र चुकल्याचुकल्यासारखे वाटते.

आपल्या देशातही हीच परंपरा दिसून येते, आणि ती महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांच्या शेजारीच नांदली आहे. १८७७ च्या आरंभी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी म्हणून घोषित करणारा दरबार भरला. दक्षिणेत त्याच वेळी भीषण दुष्काळ पडला होता. १८५७ च्या उठावात होरपळलेल्या लखनौला जेमतेम वीस वर्षे लोटली होती. त्या १८७७ सालीच लखनौमध्ये मुन्शी सज्जाद हुसेन यांनी ‘अवध पंच’ हे उर्दू साप्ताहिक काढले. लंडनच्या ‘पंच’चा आदर्श समोर होता, परंतु भाषा, खोडी आणि वेदना अस्सल लखनवी होती. नवाबी गेली होती, नवे राज्यकर्ते आले होते, नवी विद्या नि नवे कपडे आले होते. या उलथापालथीत सापडलेल्या माणसाला स्वतःकडे पाहून हसता यावे, अशी सोय या पत्राने केली. अकबर इलाहाबादी त्यात लिहीत. ते इंग्रजांच्याच न्यायालयात न्यायाधीश होते. दिवसा ज्या व्यवस्थेचा निवाडा चालवावयाचा, तिचीच लेखणीने खोडी काढावयाची, ही कसरत त्यांनी आयुष्यभर केली. आपल्या जागेवर उभे राहून हसविणाऱ्यांत त्यांची गणना करावयास हरकत नाही.

मराठीत पाहावयाचे तर बडोद्याकडे वळावे लागते. चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३) हे बडोद्यात पाली भाषेचे अध्यापक होते. बौद्ध वाङ्मयाचा हा व्यासंगी पंडित दुःखसत्याचे विवरण करून घरी येई आणि चिमणरावाची हकिकत लिहावयास बसे. १९३० नंतरचे दशक हे जागतिक मंदीचे दशक. पगार तुटपुंजे, नोकऱ्या दुर्मिळ, पांढरपेशा घरांत वधूवरांच्या आणि भाड्याच्या चिंता. चिमणराव नेमका त्याच घरातला. तो पराक्रमी नाही, हुशारही नाही. त्याचा सोबती गुंड्याभाऊ सोटा घेऊन बरोबर असतो, पण त्या सोट्याने कोणतेही संकट टळत नाही. तथापि ते पुस्तक वाचणाऱ्या कारकुनाला आपली फजिती एकट्याची नाही, हे कळत असे. फजिती वाटली गेली की हलकी होते. हा अनुभव मराठी घरांनी पिढ्यान् पिढ्या घेतला आहे.

आता या हास्याच्या मर्यादांकडे वळले पाहिजे, कारण त्यांच्यावाचून हा इतिहास म्हणजे नुसते गुणगान होईल.

पहिली मर्यादा सत्तेची. केशव शंकर पिळ्ळै, म्हणजेच व्यंग्यचित्रकार शंकर, यांनी १९४८ च्या मे महिन्यात दिल्लीत ‘शंकर्स वीकली’ सुरू केले. पंतप्रधान नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले, आणि व्यंग्यचित्रांतून आपलीही गय करू नये, असे शंकरांना सांगितले. शंकरांनी ते शब्दशः पाळले. फाळणीच्या जखमा ओल्या असताना जन्मलेले हे साप्ताहिक सत्तावीस वर्षे चालले. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर ते बंद पडले. हुकूमशाहीला हास्य परवडत नाही, अशा आशयाची खंत शेवटच्या संपादकीयात शंकरांनी नोंदविली. देशातील वातावरण जेव्हा सर्वांत उदास होते, नेमके तेव्हाच हसण्याचे हे हक्काचे ठिकाण नाहीसे झाले. उदास काळाला हास्य लागते खरे. पण प्रत्येक उदास काळ ते सहन करतोच असे नव्हे.

दुसरी मर्यादा हास्याच्या रोखाची. २०२० च्या मार्चअखेर आपल्याकडे टाळेबंदी झाली. तिच्यासाठी जे कायदे बाहेर काढण्यात आले त्यांत १८९७ चा साथरोग अधिनियमही होता; मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळचा तो कायदा सव्वाशे वर्षांनी पुन्हा घरोघर ऐकू आला. त्या दिवसांत दूरध्वनीच्या पडद्यावरून हजारो विनोद फिरले. घरात कोंडलेल्या नवऱ्यांची भांडी घासण्याची तारांबळ, वारांचा विसर, पडद्यावरील सभेत मध्येच येणारे मूल, हे विनोद आपल्याच घरातले होते. परंतु पायी गावाकडे निघालेल्या मजुरांची, आजाऱ्यांची आणि विशिष्ट समाजांची टवाळी करणारे संदेशही त्याच वाटेने फिरले. दोहोंनाही लोक विनोदच म्हणत. वस्तुतः एकाच छपराखाली भिजणाऱ्याने केलेली थट्टा आणि कोरड्या गच्चीवरून भिजणाऱ्याची केलेली थट्टा यांत जे अंतर आहे ते दोहोंत होते. ‘वायपर्स टाइम्स’ने सामान्य शिपायाला कधी हास्यास्पद केले नाही, हे येथे आठवावे.

तिसरी मर्यादा दुःखाची. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत साथीची दुसरी लाट आली, तेव्हा आपल्याकडील हास्य जवळजवळ थांबले. ज्या पडद्यावर कालपर्यंत विनोद येत होते, त्याच पडद्यावर प्राणवायूच्या नळकांड्यांची, खाटांची आणि औषधांची मागणी येऊ लागली. नेहमी थट्टा करणाऱ्या अनेकांनी आपली खाती त्या मागण्या पुढे पोहोचविण्यासाठी खुली केली. हसविण्यातून जो लोकसमूह त्यांच्याभोवती जमला होता, तोच आता खाटेचा पत्ता शोधण्यास उपयोगी पडला. माझ्या मते या एका घटनेत आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर सामावलेले आहे. लोक जर केवळ दुःख विसरण्यासाठी त्या खात्यांकडे गेले असते, तर दुःख अनावर होताच ती ओस पडली असती. तसे झाले नाही. लोक तेथेच थांबले आणि तेथेच मदत मागू लागले, कारण त्यांना तेथे सोबत मिळाली होती. विनोद हे त्या सोबतीचे निमित्त होते.

आपल्या नाट्यपरंपरेला हे पूर्वीच ठाऊक होते. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त, जे देवलांनी मराठी रंगभूमीवर आणले, चारुदत्ताचे वैभव गेल्यावर पाहुणे येईनासे होतात, उरतो तो विदूषक मैत्रेय. तो कुरकुरतो, भितो, खाण्याच्या गोष्टी काढतो, पण मित्राला सोडून जात नाही. चारुदत्ताला वधस्तंभाकडे नेत असता त्याच्या लहान मुलाला घेऊन मैत्रेयच तेथे येतो. त्या प्रसंगी त्याच्या तोंडी विनोद शोभला नसता. परंतु तो तेथे आहे, आणि विदूषक म्हणूनच आपण त्याला ओळखतो. ओक्लाहोमाच्या पहारेकऱ्याचे नाते मला या मैत्रेयाशी दिसते.

आता इतिहासाच्या अभ्यासकांसाठी एक काळजीची गोष्ट. ‘वायपर्स टाइम्स’चे अंक पुढे ग्रंथरूपाने पुनर्मुद्रित झाले, म्हणून आपण ते आज वाचू शकतो. ‘शंकर्स वीकली’चे अंक ग्रंथालयांत आहेत. परंतु २०२० च्या त्या दोन-दोन ओळींचे काय? अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ट्विटर या माध्यमावरील सर्व सार्वजनिक मजकूर जपण्याचा उपक्रम २०१० साली अंगीकारला होता. पण मजकुराचा पसारा पाहता १ जानेवारी २०१८ पासून तिने सर्व न जपता निवडक तेवढेच जपण्याचे ठरविले. म्हणजे साथ येण्याच्या दोन वर्षे आधीच ते द्वार बहुतांशी मिटले होते. २०२३ साली ट्विटरचे नावही ‘एक्स’ झाले. मालक बदलतात, नावे बदलतात, आणि खाते बंद झाले की वर्षांचा मजकूर एका क्षणात दिसेनासा होतो.

सरकारी अधिसूचना राहतील. मृत्यूंचे आकडे राहतील, त्यांवरचे वादही राहतील. शंभर वर्षांनी एखादा अभ्यासक ती कागदपत्रे उघडून बसला, तर त्या काळी लोक मरत होते आणि भीत होते एवढेच त्याला दिसेल. ते एकमेकांना धरून कसे राहिले, हे मात्र त्याला उमगणार नाही. कारण ती साक्ष पहारेकऱ्याच्या आभारात, पेंग्विनच्या फेरफटक्यात आणि आपल्या कुटुंबातील गटांवर मावशी-काकांनी पाठविलेल्या थट्टेत आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या दूरध्वनीत त्या दिवसांतील असे संदेश अजून असतील. त्यांतले काही पाठविणारे आज हयात नसतील. जागा अडते म्हणून ते पुसून टाकण्यापूर्वी त्यांतले चार एखाद्या वहीत उतरवून, तारीख घालून, कोणी पाठविले ते लिहून ठेवावे. इतिहासाची सामग्री बहुधा अशाच वह्यांतून मिळत आली आहे.